रेघांचा कल

मला कुणी पेन म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी टाक आहे. वीतभर लाकडी दांडी, तिच्या तोंडाशी पत्र्याची खोबण आणि खोबणीत खोचलेली निब, एवढाच माझा संसार. पेनच्या पोटातच शाई असते. त्याला काय, तो बसल्या जागी लिहितो. मला दर चार-दोन रेघांनी दौतीपर्यंत जावं लागतं, तिच्या काठावर निथळावं लागतं आणि मग कागदावर यावं लागतं. एवढी पायपीट करूनही आजवर मी कधी कुरकुर केली नाही. आज मात्र थोडं बोलणार आहे.

माझा जन्म एका कातारीकडे झाला. लाकूड गरागरा फिरवून त्यातून टेबलांचे पाय, भोवरे आणि आमच्यासारख्या दांड्या काढणारा तो माणूस. माझ्या मानेपर्यंत आला आणि त्याला सणसणीत शिंक आली. पटाशी जरा जास्तच आत गेली आणि माझी मान भावंडांपेक्षा बारीक झाली. तो मला भंगारातच टाकणार होता, पण जेवायची वेळ झाली होती. त्यानं मला तसंच लाल लाखेत बुडवलं आणि बाकीच्यांत ढकलून दिलं. म्हणजे माझं आयुष्य त्याच्या भुकेवर उभं आहे म्हणायचं.

दुकानात मला उचललं ते एका तरुणानं. नकाशांच्या कचेरीत तो नुकताच लागला होता. पंचवीस-तीस दांड्या त्यानं एकेक करून बोटांवर तोलून पाहिल्या. शेवटी दुकानदार वैतागला. "अहो साहेब, टाक घेताय की मुलगी बघायला आलाय?" तरुण कानापर्यंत लाल झाला. पण माझी बारीक मान त्याच्या बोटांत चपखल बसली आणि त्यानं मला सोडलं नाही. आज त्या माणसाला सगळे आजोबा म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो.

कचेरीतली खोली लांबलचक होती. उंच खिडक्या, उतरती टेबलं, आणि टेबलावर वाकलेले सहा जण. बोलणं जवळजवळ नाहीच, कारण कुणी खळखळून हसलं तरी शेजाऱ्याची रेघ हलायची. आजोबांकडे डोंगर होते. नकाशातला डोंगर रंगानं नाही, रेघांनी उभा करायचा. चढ उभा असेल तिथे जाड, आखूड, दाटीवाटीनं बसलेल्या रेघा. उतार सौम्य झाला की रेघा बारीक आणि विरळ. आणि माथ्यावर कागद कोराच ठेवायचा, उजेड तिथेच पडतो.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आमच्या कामात काळा रंग नसतोच. शाई एक, कागद एक. रेघा शेजारी शेजारी बसल्या की सावली, लांब लांब बसल्या की उजेड. त्यांच्यावरून तिरप्या रेघांची दुसरी फळी नेली की जाळी होते आणि सावली गडद होते. तिसरी फळी घातली की बघणाऱ्याला तिथे खड्डाच दिसतो. हात घालून बघावासा वाटतो, इतका खरा. चौथी घातली की कागद फाटतो. ते आजोबांच्या बाबतीत फक्त एकदाच झालं, आणि त्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना "इथे खाण आहे" असं सांगून वेळ मारून नेली.

विचार करताना ते माझी शेपटी चावत. अजूनही दातांच्या खुणा आहेत. अंगठ्याच्या दाबानं माझ्या उजव्या कुशीला एक खळगा पडला. मला त्याचा अभिमान वाटायचा. कुणाच्या तरी हातानं आपल्याला स्वतःचा आकार द्यावा, यापेक्षा दांडीला आणखी काय हवं?

मग कचेरीत यंत्रं आली, आणि त्याच सुमाराला आजोबांचा उजवा हात थरथरायला लागला. ते निवृत्त झाले. मी एका पत्र्याच्या डब्यात गेलो. आत मोडका कंपास, कडक झालेलं खोडरबर आणि एक गुण्या. गुण्या स्वभावानं भलताच ताठ, काटकोनाखेरीज दुसरा विषय नाही. किती वर्षं तशी गेली मला माहीत नाही. डब्यात दिवस कळत नाही. कधी कधी झाकणाबाहेर आजोबांचा खोकला ऐकू यायचा आणि वाटायचं, आता उघडतील. उघडायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

डबा उघडला तो बारकीनं. बारकी म्हणजे आजोबांची नात. घरात सगळ्यांत उंच तीच, दारातून जाताना मान वाकवते, पण शेंडेफळ म्हणून नाव पडलं ते चिकटलं ते चिकटलंच. वय तिशीचं. एका कचेरीत दिवसभर टंकलेखन करायची, ते सोडून आता चित्रांचं काम करणार असं तिनं घरात जाहीर केलं होतं. घरात दोन दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजोबांनीच डबा पुढे सरकवला. "घे. पण नीट वापर."

तिनं मला उचललं आणि मी हबकलोच. डावा हात! माझा खळगा एकीकडे, तिचा अंगठा दुसरीकडे. जन्मभर एका कुशीवर झोपणाऱ्याला कुणी ढकलून दुसऱ्या कुशीवर वळवावं तसं झालं. पहिल्याच रेघेला निब कागदात रुतली आणि शाईचे शिंतोडे थेट आजोबांच्या चष्म्यावर.

"उजव्या हातात धर!" आजोबा ओरडले.

"धरलं तर नावसुद्धा लिहिता येणार नाही मला," ती म्हणाली. चष्मा पुसून तिनं पुन्हा सुरुवात केली.

महिनाभर आम्ही एकमेकांना छळलं. तिनं माझ्या मानेला कापडी पट्टी गुंडाळली. कागद तिरका ठेवला तर निब रुतत नाही हे तिनंच शोधून काढलं. खिडकी उजव्या हाताला यावी म्हणून टेबल फिरवून घेतलं, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडायची. हळूहळू रेघा सुटायला लागल्या. बारीक, एकसारख्या, टोकाला विरत जाणाऱ्या. मला मनातून कबूल करावं लागलं की पोरीचा हात आजोबांपेक्षा हलका आहे. हे त्यांना सांगू नका.

पण आजोबांचं एकच तुणतुणं. तिरपी रेघ उजव्या हातानं सहज ओढली की तिचा शेंडा वर उजवीकडे झुकतो. डाव्या हातानं ओढली की डावीकडे झुकतो. हाताची ठेवणच तशी, त्याला कुणाचा इलाज नाही. आजोबा भिंग घेऊन बारकीचा प्रत्येक कागद तपासत आणि म्हणत, "रेघांचा कल उलटा आहे. आणि हा उजेड उजवीकडून कुठून आला? उजेड डावीकडून यायचा असतो, सगळ्या पुस्तकांत तसाच असतो."

"आजोबा, माझी खिडकी उजवीकडे आहे."

"खिडकीला काय कळतं?"

असं रोज. दोघांनाही त्याशिवाय चहा गोड लागत नसावा.

मग ते मोठं काम आलं. एक प्राध्यापक होते, जन्मभर गोगलगायींचा अभ्यास केलेले. सगळे त्यांना शंखवाले सर म्हणत. त्यांच्या पुस्तकासाठी गोगलगायींच्या बेचाळीस शंखांची चित्रं हवी होती, आणि तीही रेघांचीच. फोटोत सगळंच दिसतं म्हणून काहीच दिसत नाही, असं सरांचं मत. बारकीची पहिलीच मोठी कामगिरी. संग्रहालयातून शंख आणायचे, पेन्सिलीनं मापात उतरवायचे, मग शाईनं रेघा भरायच्या, पेन्सिल पुसायची आणि शंख परत करायचे. शंखाची गोलाई दाखवायला रेघही त्याच्या अंगावरून वळत न्यावी लागते, आणि पोटातल्या सावलीत सरळ तिरप्या रेघांची जाळी. चार महिने आम्ही तेच केलं, आणि रोजची कटकट नको म्हणून या वेळी बारकीनं आजोबांना एकही कागद दाखवला नाही. सर तेव्हा समुद्रकाठी नमुने गोळा करत फिरत होते. त्यामुळे तयार चित्रं त्यांच्या नजरेखालून न जाता थेट छापखान्यात गेली. चूक म्हणाल तर पहिली चूक तिथेच झाली.

सर परत आले, प्रूफं बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रूफांचं भेंडोळं काखेत मारून घरी हजर. चहासुद्धा घेतला नाही.

"हे बघा बाई. शंखाचं टोक वर धरलं, तोंड आपल्याकडे केलं, की तोंड कुठल्या बाजूला येतं?"

"उजवीकडे," बारकी म्हणाली.

"मग इथे?"

बारकीनं एकेक प्रूफ उलगडून पाहिलं. बेचाळीसच्या बेचाळीस शंखांची तोंडं डावीकडे.

"डावीकडे तोंड असलेला शंख हजारांत एखादा मिळतो," सर म्हणाले. "तुम्ही बेचाळीस काढलेत. तुम्ही डावऱ्या आहात हे मला आज कळलं. तुमचा दोष नाही म्हणा, तुमच्या डोळ्यालाच सवय तशी. पण लोक मला हसतील हो! गुरुवारी छपाई सुरू होतेय. मी सगळी चित्रं काढून टाकतो आणि फोटो घालतो. दुसरं काय करणार?"

"सर, मूळ चित्रं एकदा बघूया ना?"

"ती छापखान्याच्या कपाटात आहेत. किल्ली चित्रांची फिल्म काढून छपाईला लावणाऱ्या फिल्मवाल्याकडे, आणि तो मुलीच्या बाळंतपणाला गेलाय पंधरा दिवस. मी मालकांना विचारलं, फिल्म उलटी लागली नसेल ना? ते म्हणाले, पस्तीस वर्षांत आमच्या फिल्मवाल्याची कधी चूक झाली नाही. शंखांची नावं, आकडे सगळं सुलटं आहे, बघा की."

ते निघून गेले. प्रूफं टेबलावरच राहिली.

मला तोंड आहे, पण त्यात निब आहे. किती ओरडलो असेन मी आतल्या आत! चारही महिने मी त्या शंखांच्या अंगाखांद्यावर फिरलो होतो. तोंड उजवीकडेच होतं, माझ्या मानेची शपथ! पण दांडीचं ऐकतं कोण.

सगळ्यांत वाईट म्हणजे बारकीलाच स्वतःची खात्री वाटेना. लहानपणी ती अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढायची आणि वर्गात सगळे हसायचे. शंख परत गेले होते, पेन्सिलीच्या रेषा पुसल्या होत्या, ताडून बघायला हातात काही नव्हतं. "मीच काढले असतील उलटे," ती आईला म्हणाली. "उद्या जुन्या कचेरीत जाऊन विचारते, जागा आहे का." मग तिनं माझी निब काढली, पुसली आणि मला पत्र्याच्या डब्यात ठेवलं. झाकण लावणार इतक्यात रडू आलं म्हणून ते अर्धवटच राहिलं. गुण्या म्हणाला, "आलास का परत?" 

दुपारी आजोबांची झोप झाली. सकाळी सर आले तेव्हा ते फिरायला गेले होते, आणि काय घडलं ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. उठले, चष्मा लावला, टेबलावरची प्रूफं दिसली तशी भिंग घेऊन बसले. पहिला कागद, दुसरा कागद. आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की मी डब्याच्या फटीतून बघतच राहिलो.

"बारके! अगं बारके, इकडे ये!"

ती डोळे पुसत आली.

"शाब्बास! शेवटी ऐकलंस म्हाताऱ्याचं. अगदी माझ्यासारख्या रेघा! शेंडे उजवीकडे. आणि उजेडसुद्धा डावीकडून घेतलास, नियमाप्रमाणे. मला आधी बोलली का नाहीस?"

बारकी प्रूफांवर वाकली. मग तिनं त्यांच्या हातातलं भिंग जवळजवळ ओढूनच घेतलं. एक शंख बघितला, दुसरा बघितला, दहा बघितले.

"आजोबा, ह्या रेघा माझ्या नाहीत."

"म्हणजे?"

"अशा रेघा मला काढताच येत नाहीत! तुम्ही वर्षभर ओरडताय ना, माझा कल डावीकडे आहे म्हणून? माझी खिडकी उजवीकडे आहे म्हणून?" तिनं प्रूफाचा कागद उचलला, पालथा केला आणि खिडकीच्या काचेला लावला. उन्हात चित्र पाठीमागून दिसायला लागलं. शंखाचं तोंड उजवीकडे. उजेड उजवीकडून. आणि सावलीतल्या सगळ्या रेघांचे शेंडे डावीकडे झुकलेले.

"ह्या माझ्या," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसायलाच लागली.

आजोबांना समजायला अर्धं मिनिट लागलं. मग ते उठले, उलटी-सुलटी कशीही चप्पल घातली आणि म्हणाले, "टाक घे बरोबर. आणि दौत."

छापखान्यात मालक होते, त्यांनी फोन करून सरांनाही बोलावून घेतलं. बारकीनं रेघांचं सगळं समजावून सांगितलं. सर हुशार माणूस, पण हट्टी. "पण तुमच्या रेघा डावीकडेच झुकतात कशावरून? आत्ता ठरवून तशा काढाल."

"सर, ठरवून काढलेल्या तिरप्या रेघा पन्नासाच्या पुढे टिकत नाहीत, हात आपल्या वळणावर जातो," आजोबा म्हणाले. "तुम्ही तिच्याशी गप्पा मारा, ती काढत राहील."

आणि तसंच झालं. बारकीनं माझी निब पुन्हा खोचली आणि मला दौतीत बुडवलं. टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला एक साधा शंख होता, तोच समोर घेतला. सर तिला गोगलगायींविषयी विचारू लागले आणि विषय निघाल्यावर त्यांना कुठे थांबायचं ते कळेना. गोगलगाय झोपते किती, खाते काय, रागावते का. बारकी हो हो करत होती आणि मी कागदावर धावत होतो. शंभर रेघा, दोनशे, तीनशे. माझ्या आयुष्यात मी इतका मन लावून कधी पळालो नव्हतो. शेवटी आजोबांनी भिंग सरांच्या हातात दिलं.

सरांनी कागद बघितला. प्रूफ बघितलं. पुन्हा कागद बघितला. "एकही उजवीकडे गेली नाही," ते म्हणाले, आणि मान वळवून मालकांकडे बघत राहिले.

मालक आत गेले आणि फिल्म घेऊन आले. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद, आणि चित्र त्या मंद बाजूवर असतं. त्यांनी ती दिव्यावर धरली, कोपऱ्यात नखानं खरवडून बघितली आणि जीभ चावली. "चित्रांची फिल्म पालथी लागलीय. नावं आणि आकडे वेगळ्या फिल्मवर होते, ते सुलटे लागले. नातवंड येणार या आनंदात गडबडला असेल बिचारा. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा!" मग बारकीकडे वळून म्हणाले, "माफ करा ताई. मी बघायलाच हवं होतं."

सरांनी कान पकडले. "बाई, मी तुमच्या डोळ्यांवर ठपका ठेवला आणि स्वतःचे डोळे उघडले नाहीत. बेचाळीसच्या बेचाळीस चित्रं राहतील. आणि पुढच्या पुस्तकात एकशे दहा शंख आहेत. कराल?"

बारकी म्हणाली, "करीन. पण कल असाच राहील."

"असाच हवा," सर म्हणाले.

पुस्तक छापून झालं. घरात एक प्रत आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला आजोबा ती भिंगासकट दाखवतात. पाहुणे शंखांचं कौतुक करायला लागले की ते म्हणतात, "शंख राहू द्या, आधी रेघा बघा. कल बघा कसा आहे!" वर्षभर नाक मुरडणारा माणूस हाच, असं कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

आणि परवा सकाळी एक नवलच झालं. बारकी काम करत होती. आजोबा शेजारी खुर्ची ओढून बसले, खाकरले, इकडे-तिकडे बघितलं.

"बारके, डाव्या हातानं निब रुतू नये म्हणून कागद किती तिरका ठेवतेस गं?"

"का?"

"उगाच. माझा हा हात थरथरतो." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा पुढे केला. "हा नाही थरथरत."

बारकीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं स्वतःसाठी दुसरा टाक काढला, कागद तिरका करून त्यांच्या पुढे ठेवला आणि मला त्यांच्या डाव्या हातात दिलं.

माझ्या ओळखीच्याच माणसाची बोटं, पण मला धरायचं कसं हे ठाऊक नसलेली. पहिल्या रेघेला निब रुतली आणि शिंतोडे बारकीच्या गालावर. दुसरी रेघ अर्ध्यातच थांबली. तिसरी कुठे गेली ते मलाही सांगता येणार नाही. आजोबा वैतागले, माझी शेपटी चावली, पुन्हा मला दौतीत बुडवलं. बारकी भिंग लावून त्यांच्या रेघा तपासत होती आणि हसू दाबत होती.

तुमच्या घरात एखादा डावा हात असेल तर त्याला उजवा करायला जाऊ नका, एवढंच माझं तुम्हाला सांगणं. त्याच्या रेघांचा शेंडा कुठे झुकतो ते मात्र बघत राहा.

आता मला निघायला हवं. आजोबा दौतीचं झाकण उघडताहेत. कालच्या सगळ्या कागदातली एकच रेघ बरी आहे असं बारकीनं सांगितलंय, आणि त्या एका रेघेवर खूश होऊन ते आज सकाळी चहाच्या आधीच टेबलाशी येऊन बसलेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या माणसाचा डावा हात पहिलीत बसलाय, आणि त्याच बाकावर शेजारी मी.